आधी अ‍ॅडॅप्टर दाखव

गेल्या महिन्यात भाचा दुकानात येऊन बसला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत मी एका पाण्याच्या मोटारीचं जळकं वाइंडिंग ओढून काढत होतो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग मुद्द्यावर आला. "मामा, पन्नास हजार जमवलेत. कुठला कीबोर्ड घेऊ?"

मी म्हटलं, "आत्ता आहे त्याचा अ‍ॅडॅप्टर दाखव."

त्याला वाटलं मामा टाळतोय. तरी पिशवीतून काढला. पिनेजवळ वायर तुटलेली, त्यावर काळ्या टेपचा लिंबाएवढा गोळा. "जरा वाकवून धरला की चालतो," असं वर सांगतोय. म्हणजे नमनात, आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, सुरुवातीचं गणेशस्तवन म्हणजे गण उभा राहिलेला असताना हा मुलगा डाव्या पायाच्या अंगठ्याने वायर दाबून धरतो आणि उजव्या पायाने आवाज लांबवणारं सस्टेन पेडल सांभाळतो. आणि ह्याला पन्नास हजारांचा कीबोर्ड हवाय.

मी शृंगारतळीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो आणि बावीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय. नमन, जाखडी, हळदी, गणपतीतली भजनं, मे महिन्यातली लग्नं, जे येईल ते. कलाकार म्हणून मी बेताचाच आहे. पण माझा कीबोर्ड कार्यक्रमात बंद पडत नाही, एवढी ख्याती गुहागर तालुक्यात नक्की आहे. म्हणून मुलं विचारायला येतात, आणि सगळे पहिल्यांदा कीबोर्डचंच विचारतात. कीबोर्ड आजकाल सगळेच बरे असतात. आवाज मरतो तो कीबोर्ड आणि प्रेक्षक यांच्या मधे, पाच-दहा रुपयांच्या जागी.

विजेपासून सुरू करतो, धंदाच तो माझा. आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे देवळापुढचं पटांगण, शाळेचं मैदान नाहीतर कुणाचं तरी खळं. वीज येते शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरीवरून किंवा जनरेटरवरून. २३० व्होल्ट हा आकडा दोन्हीकडे कागदावरच. मी मल्टिमीटर घेऊनच जातो. एका हळदीला संध्याकाळी सातला २३८ होते, मंडपातले हॅलोजन लागले तसे १८५ झाले, आणि जेवणं उरकून अर्धे दिवे बंद केल्यावर पुन्हा २४०. तुमचा अ‍ॅडॅप्टर जुना, विटेसारखा जड, आत ट्रान्सफॉर्मरवाला असेल, तर बाहेरचे व्होल्ट उतरले की त्याचेही त्याच प्रमाणात उतरतात. मग ऐन ढोलकीच्या तोडीला कीबोर्ड स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पडद्यावर कंपनीचं नाव झळकतं. हलका, स्विचिंगवाला अ‍ॅडॅप्टर असेल तर त्याच्यावर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं. १८५ ला त्याला काही होत नाही. वाचून बघा, बारीक अक्षरात असतं.

दुसरा अ‍ॅडॅप्टर घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट अगदी तेवढेच. अँपिअर तेवढे किंवा जास्त, कमी चालत नाहीत. आणि पिनेच्या आत प्लस आहे की मायनस. त्याचं एक छोटं चित्र कीबोर्डच्या मागे आणि अ‍ॅडॅप्टरवर दोन्हीकडे असतं, एक टिंब आणि त्याभोवती अर्धगोल. काही कंपन्या आत प्लस ठेवतात, काही आत मायनस. बाजारातला 'सगळ्याला चालतो' असा उलटसुलट पिनेचा अ‍ॅडॅप्टर घाईत उलटा लागला, की दुरुस्तीचा खर्च अ‍ॅडॅप्टरच्या दहापट. असे दोन कीबोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला आले आणि दोन्ही तसेच परत गेले.

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल, विजेची परतीची तार, सुटणं. एका सार्वजनिक गणपतीच्या मंडपात थ्री फेजची लाइन घेतली होती आणि मेन बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू नीट आवळलेला नव्हता. रात्री नऊच्या सुमारास एका बाजूची दिव्यांची माळ मंद झाली आणि आमच्या बाजूचे बल्ब एकदम पांढरेशुभ्र. लोकांना वाटलं लायटिंगचा काहीतरी इफेक्ट आहे, दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. न्यूट्रल गेला की दोन फेजांवरचा माल एकामागे एक जोडल्यासारखा होतो आणि चारशे व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या बाजूला लोड कमी, तिच्या वाट्याला जास्त. मला हे सगळं पाठ आहे, रोज हेच बघतो, तरी हात पिनेकडे जाईपर्यंत फट् झालं. अ‍ॅडॅप्टर गेला, कीबोर्ड वाचला. तेव्हापासून बल्ब विनाकारण उजळले की मी गाणं बघत नाही, आधी पिन ओढतो. आणि पिशवीत दुसरा अ‍ॅडॅप्टर असतोच.

ज्यांना जमेल त्यांनी कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस जवळ ठेवावा. कीबोर्ड खातो किती, दहा-वीस वॅट. बॅटरी बरी असेल तर तासभर सहज निघतो. फक्त त्याचा बझर कापून टाका. आमच्या एका भजनात लाइट गेली, कीबोर्ड चालू राहिला, मी खूश, आणि गजर संपून शांतता झाल्यावर माइकमधून टीं… टीं… टीं. बुवांनी डोळे न उघडता विचारलं, "कोणाचा फोन वाजतोय?"

अर्थिंगबद्दल एकच सांगतो, आणि हे धमकी समजा. घरघर येते म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधी काढू नका. नमनात आपण अनवाणी बसतो, जमीन दवाने ओली असते, आणि गाणाऱ्याचे ओठ माइकला टेकलेले असतात. घरघर घालवायचे दुसरे मार्ग आहेत. त्याकडे येतो, पण आधी माझी फजिती.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्याकडे छोटा कीबोर्ड होता, ज्याला मागे वेगळं आउटपुट नसतं, हेडफोनचंच भोक आउटपुट म्हणून वापरायचं असतं. आजही पंधरा हजारांच्या आतले बहुतेक कीबोर्ड असेच असतात. गावात बहुरंगी नमन, मुंबईचे चाकरमानी खास रजा काढून आलेले. साऊंडवाला पोरगा नवीन आणि हौशी. म्हणाला, "काका, तुमच्यासाठी भारी स्टिरिओ केबल आणलीय." मी हेडफोनच्या भोकात लावली, त्याने मिक्सरला लावली. गण सुरू झाला. मी स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्याचा टोन, धरल्या.

स्पीकरमधून स्ट्रिंग्ज आल्याच नाहीत. आली ती फक्त त्यांची आस. म्हणजे कुणीतरी आधीच वाजवून निघून गेलंय आणि मागे विहिरीत घुमणारा आवाज उरलाय, तसं. बेसचा पत्ता नाही, पियानो पत्र्याच्या डब्यातला. पोरगा गेन वाढवत शेवटच्या टोकाला गेला. घुमणं वाढलं, सूर आला नाही. मृदंगवाले काका माझ्याकडे वळून, "अरं वाजव की!" मी घाम पुसत, "वाजवतोय काका!" हेडफोन लावून पाहिला तर कानात सगळं स्वच्छ.

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर चीड आली इतकं साधं आहे. हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात. टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा, मागे कॉमन. मिक्सरच्या भोकालाही तीन भाग, पण त्याचा हिशेब वेगळा. तो टोकावरच्या आवाजातून कड्यावरचा आवाज वजा करतो. त्याच्या लेखी दोन्हीकडे सारखं जे येतं ते बाहेरची घाण, म्हणून तो ते काढून टाकतो. माझ्या स्ट्रिंग्ज, बेस, पियानोचा गाभा, सगळं डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखं होतं. डावा वजा उजवा, हातात शून्य. उरला तो फक्त दोन्हीकडे वेगवेगळा असलेला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. तीच ती आस.

त्या रात्री बेंजोवाल्याची साधी मोनो लीड काढून लावली, आवाज आला, आणि बेंजो गौळणीपर्यंत मुका बसला. पण मोनो लीड हासुद्धा धड उपाय नाही. ती मधलं कडं कॉमनला टेकवते, म्हणजे उजवा आवाज शॉर्ट होतो. डावा तेवढा ऐकू येतो, आणि कीबोर्डच्या आतल्या अ‍ॅम्पला ते बरं नाही. बरोबर केबल म्हणजे एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना. त्या मिक्सरच्या दोन चॅनेलना जातात. दुकानात ओळखायची खूण म्हणजे पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजायच्या. दोन असतील तर स्टिरिओ, एक असेल तर मोनो. दुकानदार काहीही सांगो, पट्ट्या खोटं बोलत नाहीत.

ज्यांच्या कीबोर्डला मागे डावं आणि उजवं असं वेगळं आउटपुट आहे त्यांनी डाव्याजवळ मोनो लिहिलंय का ते बघावं. फक्त तिथे पिन लावली की कीबोर्ड स्वतःच दोन्ही आवाज एकत्र करून देतो. गावच्या कार्यक्रमात मी तेच करतो. लोक पटांगणभर बसलेले असतात, अर्धे एका बॉक्सजवळ, अर्धे दुसऱ्या. बायका ओटीवर, पोरं आंब्यावर. स्टिरिओ ऐकणारा तिथे फक्त साऊंडवाला, आणि तोही फोनवर असतो. पण घरी मोनो करून ऐकून बघा. काही भारदस्त स्टिरिओ पियानो एकत्र केले की पोकळ होतात, दोन्ही बाजू एकमेकींना खातात. काही कीबोर्डांत त्यासाठी मोनो पियानोचा वेगळा टोन ठेवलेला असतो. हेडफोनमध्ये तो गरीब वाटतो, मैदानात मात्र तोच पोचतो.

आता घरघर. मोटारीची गुणगुण ज्याने ऐकलीय त्याला ती वेगळी सांगायला नको. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आणि तिच्या दुपटीची १०० हर्ट्‌झची घरघर जास्त ऐकू येते. १०० हर्ट्‌झ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, किंचित चढा. भजन पांढरी पाचात असेल तर घरघर तंबोऱ्यासारखी खपून जाते. काळी चारला गेलात की मेलात.

मिक्सर पटांगणाच्या मागच्या टोकाला असतो, तीस-चाळीस मीटर लांब. तेवढी लांब साधी लीड ओढली तर ती लीड कसली, एरियल झाली. लाइटच्या वायरींच्या शेजारून जाताना सगळी घाण गोळा करते. पाच-सहा मीटरपर्यंत साधी लीड ठीक, पुढे डीआय बॉक्स लावायचा. काडेपेटीच्या पुड्याएवढा डबा. कीबोर्डची साधी लीड त्यात जाते, बाहेर माइकची तीन पिनांची केबल निघते. आत ट्रान्सफॉर्मर असतो. तो एकच आवाज दोन तारांवर सुलटा आणि उलटा पाठवतो. वाटेत जी घाण लागते ती दोन्ही तारांवर सारखी लागते. मिक्सरने एकातून दुसरं वजा केलं की घाण जाते आणि आवाज दुप्पट होऊन उरतो. ज्या वजाबाकीने माझा गण खाल्ला, तीच इथे कामाला येते. आणि डब्याला ग्राउंड लिफ्ट नावाचा एक बारीक खटका असतो. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर जी घरघर सुरू होते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी अर्थ झाल्याने येते, ती हा खटका सरकवला की थांबते. जाड पिन तोडायची ती ह्यासाठीच तोडतात लोक, आणि उपाय दोन हजारांत मिळतो. कीबोर्डचा आवाज मुळात दमदार असतो, त्यामुळे साधा, वीज न लागणारा डीआय पुरतो.

साऊंडवाल्याशी भांडू नका. तो दुपारी तीनपासून उन्हात टॉप-बेस चढवतोय, त्याला चहा कुणी विचारलेला नसतो. तुम्ही विचारा. मग एक काम करा. चेक करताना त्याला सगळ्यात मोठा टोन आधी द्या, ब्रास किंवा शहनाई, जोरात. कीबोर्डचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा आणि रात्रभर ते बटण विसरा. बहुतेक जण चेकला हळुवार पियानो वाजवतात, तो त्यावर गेन लावतो, मग जाखडीच्या दुसऱ्या फेरीला शहनाई येते आणि मिक्सरवर लाल दिवा. मग तो तुम्हाला खाली ओढतो आणि रात्रभर वर आणत नाही. उलट, कीबोर्ड बारीक ठेवून मिक्सरवर वाढवलं तर सूं-सूं वाढते. आणि सांगा की माझा चॅनेल शंभर हर्ट्‌झच्या खाली कापलास तरी चालेल. खालची जागा मृदंगाची. डाव्या हाताने तिथे जाड बेस धरून बसलात तर मृदंगाची धुमी आणि तुमचा बेस मिळून नुसता गुबगुबाट होतो, आणि काका तुमच्याकडे बघतात.

घरी रात्री हेडफोनवर टोन बनवायची सवयही घातकी. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण बेस वाढवत जातो. मैदानात तेच टोन गढूळ. आणि जिथे अजून देवळावरचे कर्णेच असतात तिथे उलटी गंमत. कर्ण्यातून खालचं काही निघतच नाही. तिथे स्ट्रिंग्ज आणि पॅडवर वेळ घालवू नका, सरळ हार्मोनियमचा नाहीतर अकॉर्डियनचा टोन लावा, भाजी मंडईपर्यंत जाईल.

मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, मागून घ्या, नसेल तर स्वतःचा छोटा स्पीकर न्या. समोर आवाज नसेल तर आपण लांबच्या बॉक्सचा आवाज ऐकून वाजवायला लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बॉक्स तीस मीटरवर असेल तर आवाज तुमच्यापर्यंत परत यायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग जातो. बोटं त्याची वाट बघतात, आणि लय ओढली जाते. जाखडीत पायातल्या चाळांशी जुळवायचं असतं, तिथे एवढा उशीर नाचणाऱ्याच्या थेट पायात येतो. रात्री दहानंतर स्पीकरला बंदी, गणपतीत वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट, हा नियम आहेच. त्यामुळे दहा वाजून गेले की बॉक्स खाली येतात आणि छोट्या मॉनिटरवरच भजन निभवावं लागतं. त्याची तयारी असलेली बरी.

स्टँडबद्दल फार नाही. एक्सच्या आकाराचा स्टँड फळ्यांच्या रंगमंचावर नाचतो. खाली बसून वाजवणार असाल तर पाट बरा. सस्टेन पेडल उलटं वागायला लागलं, म्हणजे पाय उचलला की आवाज लांबतो, तर घाबरू नका. बऱ्याच कीबोर्डांना पेडल कुठल्या जातीचं आहे हे सुरू होताना कळतं. तुम्ही त्या वेळी पाय ठेवून बसला होतात. बंद करा, पाय काढा, सुरू करा.

पेटीबरोबर वाजवणाऱ्यांसाठी मात्र थांबून सांगतो, कारण इथे चांगले-चांगले वाजवणारे बेसूर ठरतात आणि त्यांना कळत नाही का. पेटीचे सूर पितळी जिभांचे, रंगमंचावर ते हलवता येत नाहीत. कीबोर्ड ४४० हर्ट्‌झला बसवून येतो. जुनी पेटी ४४२ ला असू शकते, कधी त्याहून वर. मधली पांढरी सहा दोघांनी धरा आणि शांत ऐका. आवाज हेलकावे खाईल, वां-वां-वां. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे दोन हर्ट्‌झचा फरक. कीबोर्डच्या मेनूमध्ये ट्युनिंग असतं, ते एकेक घर वर न्या. हेलकावे संथ होत होत थांबले की पेटी आणि कीबोर्ड एक झाले. हे ट्रान्सपोजने, म्हणजे पट्टी बदलायच्या बटणाने, होत नाही, ट्रान्सपोज एका उडीत पूर्ण काळी-पांढरी ओलांडतं. आणि ट्रान्सपोज लावलंत तर गाणं संपल्यावर शून्यावर आणा. मी एकदा विसरलो होतो. पुढची गवळण सगळ्यांनी पांढरी चारला उचलली, मी एकट्याने काळी तीनला, आणि पहिल्या दोन ओळी सगळे बेंजोवाल्याकडे रागाने बघत होते. मीही बघितलं. त्याने अजून माफ केलेलं नाही.

आता पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आपण राहतो, त्यातून समुद्राची खारी हवा. कीबोर्ड जून ते ऑगस्ट बॅगेत बंद ठेवला तर गणपतीला उघडताना आधी बुरशीचा वास येतो. बॅगेत ठेवू नका. कपाटात ठेवा, खाली शून्याचा साधा तारेवाला बल्ब जळत ठेवा, वर जुनी सुती साडी टाका. प्लॅस्टिकचा कागद नको, तो ओल आत धरतो. आणि रोज अर्धा तास चालू करा. वाजवायचा कंटाळा आला तर नुसता चालू ठेवा, आतली ऊब पुरते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून कार्यक्रमाला जाताना कीबोर्ड गाडीच्या आत, उघड्या टेम्पोत नाही.

पाण्यात बुडलेला कीबोर्ड चालू करून बघू नये, हेही सांगून ठेवतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी भरलं तेव्हा माझा जुना कीबोर्ड तिथे एका मित्राच्या तळमजल्यावर होता. मित्राने मोह आवरला, प्लग लावला नाही. मी तो सगळा उघडून गोड्या पाण्याने चिखल धुतला आणि पंधरा दिवस पंख्याखाली ठेवला. पडदा मेला, बाकी वाजतो. कुठला टोन आहे हे आता वाजवूनच कळतं.

तर भाचा. त्याची दुसरी तक्रार अशी होती की मधल्या सप्तकातली एक की हळू दाबली तरी अंगावर ओरडते. "म्हणून नवीन घेतोय," म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पाऊस थांबत नव्हता. म्हटलं उघड.

प्रत्येक कीखाली रबराची बोंडं असतात, त्यात काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. की दाबली की एक आधी टेकते, दुसरी मागून. दोघींमधल्या वेळावरून कीबोर्डला कळतं की बोट हळू आलं की जोरात. पहिल्या टिकलीवर घाण बसली की ती उशिरा लागते, मधला वेळ जवळजवळ शून्य होतो, आणि कीबोर्ड समजतो की कुणीतरी मुठीने हाणलं. म्हणून ओरडणं.

खालचे स्क्रू काढून कीज वेगळ्या केल्या तर आत गेल्या चार वर्षांचे सगळे कार्यक्रम होते. कुंकवात माखलेल्या अक्षता, हळदीची पूड, विसर्जनातला गुलाल, गौळणीच्या लुगड्यावरच्या टिकल्या, मेलेल्या लाल मुंग्या आणि एक पाच रुपयांचं नाणं. नाणं त्याने खिशात टाकलं. रबराची पट्टी अलगद उचलली, खालच्या बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला सुती बोळा हलकेच फिरवला. पेट्रोल नाही, थिनर नाही, कुलपाला मारायचा स्प्रे तर अजिबात नाही, कार्बन सुटून निघतो. पूर्ण वाळू दिलं. पट्टी पुन्हा बसवताना तिची बारीक शेपटं भोकांतून नीट ओढून घ्यावी लागतात, एक जरी अर्धवट राहिलं तरी शेजारची की रुसते. आमची रुसली. पुन्हा उघडलं.

तेवढ्यात त्याच्याकडून अ‍ॅडॅप्टरची पिन नवीन बसवून घेतली. पहिला टाका कोरडा आला, दुसरा वायरीच्या आवरणासकट जळला, तिसरा जमला. मग दोन पट्ट्यांची एक आणि एका पट्टीच्या दोन पिना देऊन त्याला केबल करायला लावली.

संध्याकाळी सातला की हळू दाबली, हळू वाजली. नवीन कीबोर्ड आता दसऱ्यानंतर बघू म्हणतोय. सगळं बंद केल्यावर एक स्क्रू उरला. कुठला ते अजून कळलेलं नाही. तो मी काचेच्या बाटलीत ठेवलाय, भाच्याच्या नावाची चिठ्ठी लावून.